समजेल अशा भाषेत

केसपेपरच्या खिडकीतून मला वर बोलावलं,
घशाच्या वॉर्डात.
"गुंडेटी, तेलुगू येतं ना तुम्हाला? पाचच मिनिटं."
नोकरीला लागल्यापासून हे असंच.
पगार शिक्के मारण्याचा,
जीभ फुकट.

खाटेवर पोशव्वा चिलवेरी, वय अंदाजे साठ.
चाळीस वर्षं रोज हजार विड्या,
चेकरने फेकलेल्या वेगळ्या.

डॉक्टर इंगळे लातूरकडचे, दोन रात्रींचे जागे.
म्हणाले, सगळं सांगा.
कॅन्सर आहे हे सांगा. स्वरयंत्र काढावं लागेल,
गळ्याला भोक राहील, आवाज जाईल.
नाही काढलं तर दिवाळी दिसणार नाही.
तिला कळू द्या, मग ती ठरवेल.

पण त्याआधी जिन्यात अंबादासने माझा हात धरलेला.
टॉवेलच्या कारखान्यातून तसाच आलेला,
भुवयांवर कापसाची लव.
"काका, आवाजाचं तेवढं बोलू नका.
ती नाही म्हणेल. घरी येऊन मरेल.
मला अजून आई पाहिजे."
हे शेवटचं तो भिंतीकडे बघून म्हणाला.

दोघांचंही बरोबर होतं.
एकाचं जरी चूक असतं
तर माझी पाच मिनिटं पाचच राहिली असती.

मी म्हटलं, गळ्यात गड्ड आहे.
ती हसली, घरघरत.
"गड्ड? मग संक्रांतीपर्यंत थांबा की!
सिद्धेश्वराचा गड्डा भरतोच,
इथंही पाळणे लावू."
बाजूच्या खाटेवरची बाईही हसली.
काय म्हणाल्या? डॉक्टरांनी विचारलं.
समजलं म्हणाल्या, मी म्हटलं.

मग हसणं आवरून तिने विचारलं,
"माट वस्तदा, नायना?"
बोलता येईल का रे, लेकरा.

हा प्रश्न मी मराठीत आणलाच नाही.
तो डॉक्टरांचा होता, त्यांच्या हातात द्यायला हवा होता.
मी तिथल्या तिथे फेडला:
वस्तदि.
तीन अक्षरं. येईल.

फॉर्मवर छापलेलं असतं,
मला समजेल अशा भाषेत सर्व समजावून सांगितले आहे.
त्याखाली तिचा अंगठा, एकदा, पुन्हा एकदा,
रेशनच्या यंत्राने कितीदा नाकारलेला,
पानं वळून वळून गुळगुळीत.
एक रेघ उमटली नाही. नुसता निळा डाग.
शेजारी माझी सही, वळणदार.

सकाळी सिस्टर बिराजदार सांगत होत्या,
म्हातारी रात्रभर झोपली नाही.
बोलत होती. बोलतच होती.
तेलुगू, मराठी, मध्येच कानडी शिव्या,
चेकरला, देवाला, नळाच्या वेळेला.
पहाटे नवऱ्याचं नाव घेतलं,
उखाण्याशिवाय, मोठ्यांदा, चार-पाच वेळा,
दाराबाहेरून हाक मारावी तसं.

म्हणजे कळलं होतं तिला?
की भीतीनं माणूस बोलतं, तसंच ते?
मी विचारलं नाही.
डॉक्टरांना तर सांगितलंच नाही,
ते शिकून गेलेही.

ती जगली.
दर तीन महिन्यांनी तपासणीला येते,
गळ्याला टॉवेलचा तुकडा, लेकाच्याच कारखान्यातला.
खिडकीशी नंबर लागला की
मी नाव विचारत नाही, वय विचारत नाही.
मान खाली, शिक्का.

परवा ती जागची हलेना.
मागची रांग कुरकुरली.
तिने काचेवर अंगठा टेकवला,
दाबून, माझ्या तोंडासमोर,
आणि गेली.

वाफेचा एक गोल, रेघांशिवाय.
फडकं घेईपर्यंत तोही उडाला.
फडकं तसंच हातात.
मग म्हटलं, पुढचा नंबर.